कळंबची लाल गाडी

माझ्या नाकाला आता वास येत नाही. चौतीस वर्षं थिनरच्या वाफेत उभं राहून गाड्यांवर रंग मारला, त्याची ही पावती. घरी फोडणी करपते, मी दोन हातांवर बसलेला असतो आणि मला पत्ता नसतो. मी कधी स्वयंपाकाला नावं ठेवत नाही याचं खरं कारण हे आहे, असं बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. असो. नाक गेलं, छातीही थोडी गेली. पण डोळे शाबूत आहेत आणि बोटं त्याहून शाबूत. आज सांगायचं ते बोटांचंच आहे.

मी यवतमाळचा पेंटर. घरं रंगवणारा नाही, गाड्या रंगवणारा. हे दरवेळी सांगावं लागतं, नाहीतर दसरा उलटला की माणसं भिंतीचं माप घेऊन दारात उभी राहतात. सात वर्षांपूर्वी खोकला थांबेना म्हणून दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि विचारलं, "काका, फवारणी कायची करता?" आमचा भाग कापसाचा, त्यांना वाटलं शेतात औषध मारतो. मी म्हटलं, "रंगाची." त्या दिवसापासून फवाऱ्याची गन खाली ठेवली ती ठेवलीच. गॅरेजही सोडलं. तेव्हा वाटलं, संपलं आपलं. पण हाताला खाज सुटलेली असते, ती घरी बसू देत नाही. मग जुन्या गाड्यांचा जुनाच रंग हातानं उजळून द्यायचं काम धरलं. गन नाही, भट्टी नाही. गिऱ्हाइकाच्या अंगणात जायचं, सावली करायची आणि घासत बसायचं.

जुन्या गाडीचा रंग मरतो कसा, ते सांगतो. हल्लीच्या गाड्यांवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो. पंचवीस वर्षांपूर्वीच्या साध्या गाड्यांवर तो नसायचा, जो रंग दिसतो तोच सगळ्यात वरचा. उन्हानं त्यातलं तेल वाळतं आणि वरचा पापुद्रा पीठ होतो. धंद्यात आम्ही म्हणतो, रंग खडू झाला. बोट फिरवलं की बोटाला भुकटी लागते. पांढऱ्या गाडीचं लवकर समजत नाही, निळी राखाडी दिसायला लागते आणि लाल गाडी चक्क गुलाबी होते. लोकांना वाटतं रंग गेला. पण त्या भुकटीखाली तो असतो. किती उरलाय ते बघायला एक पांढरी चिंधी पुरते. चिंधीवर जरा रबिंग घ्यायचं, म्हणजे ती घासायची बारीक खरखरीत पेस्ट, आणि एका कोपऱ्यात चार फेरे मारून चिंधी उलटून बघायची. चिंधीला रंग लागला तर गाडी आपली. करडं लागलं तर हात जोडायचे, कारण खाली अस्तर आलं. संपलेला रंग घासून परत येत नाही. आम्ही फक्त वरचा मेलेला काढतो आणि खालच्याला हवा दाखवतो.

हे मला करीम उस्तादांनी शिकवलं. मी बाविशीत त्यांच्या गॅरेजात शिरलो तेव्हा बीए नापास होतो आणि डोक्यात हवा होती. पॅनल घासून झालं की उस्ताद म्हणायचे, "आँख बंद कर. हाथ से देख." मला वाटायचं म्हातारा मजा घेतो. मी डोळे मिटून हात फिरवायचो आणि म्हणायचो, एकदम बराबर. ते माझा हात धरून दोन इंच बाजूला नेत, तिथं खड्डा असे. उजेडात डोळ्याला तो दिसलेला नसे. उस्ताद आता नाहीत. त्यांच्या त्या दोन वाक्यांवर मी घर चालवलं, मुलीचं लग्न केलं. त्यांचं नाव घेतल्याशिवाय मी कुठल्याच गाडीला हात लावत नाही.

गिऱ्हाइकांचं काय सांगावं. मारेगावकडचे एक पाटील होते, त्यांनी कुठंतरी मोबाईलवर पाहिलं की खोबरेल तेल लावलं की गाडी नव्यासारखी होते. त्यांनी अख्ख्या गाडीला तेल चोपडलं, केसाला लावतात तसं, आणि ऐन कापसाच्या हंगामात ती जिनिंगच्या रस्त्यानं यवतमाळला आणली. त्या दिवसांत त्या रस्त्यावर हवेत नुसती रुई उडत असते. गाडी माझ्या दारात आली ती मेंढी होऊन. पाटील उतरले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "पेंटर, येचं काय करता येईन?" मी म्हटलं, "पाटील, आता हिची लोकरच काढा लागते." दोन दिवस रुई वेचत होतो. ते अजून दिवाळीला फोन करतात.

दुसरी एक गोष्ट हसण्यासारखी नाही. एका वकील साहेबांची गडद हिरवी गाडी होती. तेव्हा नवीनच फिरत्या चकतीचं मशीन घेतलं होतं, त्याची मला गुर्मी. पत्र्याच्या धारेवर रंग पातळ असतो, तिथं मशीन लावायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. तरी लावलं. डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात बॉनेटच्या कोपऱ्यावर करडं अस्तर आलं. मी गपचूप बारीक ब्रशनं हिरवा ठिपका देऊन ते झाकलं. वकील साहेबांना समजलं नाही. उलट त्यांनी माझा हात हातात घेऊन शाबासकी दिली आणि चार गिऱ्हाइकं धाडली. खरं सांगतो, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. वकील साहेब गेले, गाडी कुठं गेली माहीत नाही, तो कोपरा मात्र माझ्याकडे राहिला. तेव्हापासून मशीन कपाटावर आहे. मी हातानंच घासतो.

आता कळंबचं सांगतो. त्यासाठीच लिहायला बसलो आहे.

गेल्या हिवाळ्यात एका बाईंचा फोन आला. "जुना रंग उजागर करून देनारे तुमीच काय?" म्हटलं, मीच. "मंग कळंबले या. पन घरी येऊ नोका. मी यष्टी स्टॅन्डवर येते." माझ्या उभ्या आयुष्यात कोणा गिऱ्हाइकानं मला असं बोलावलं नव्हतं. बायको म्हणाली, "जपून जा."

स्टॅन्डवर सत्तरीच्या एक काकू उभ्या होत्या. पांढरं लुगडं, हातात कापडी पिशवी, चाल भराभर. मेश्राम गुरुजींच्या त्या पत्नी. चालता चालताच त्यांनी मला सगळं सांगितलं, कारण घर आल्यावर बोलता येणार नव्हतं. गुरुजी कळंबच्या शाळेतून रिटायर झालेले. सात वर्षांपूर्वी काचबिंदूनं त्यांची नजर गेली. आता उजेड-अंधारही समजत नाही. घरात त्यांची आठशेची छोटी गाडी आहे, पंचवीस वर्षांची. बौद्ध वस्तीतली पहिली गाडी. लाल.

"नजर गेली तवा गाडी लालच होती भाऊ," काकू म्हणाल्या. "मंग रोज सकाळी हे गाडी पुसत आन मले इचारत, कशी दिसते? मी म्हनो, लाल दिसते, चकाचक. दोन वर्सांनं ते फिकी व्हाले लागली. आता काय सांगू? डोये गेले, शाळा गेली, वाचनं गेलं. गाडीचा रंग बी गेला म्हनू? म्हनून मी म्हनतच राह्यली, लाल हाय. आता ते पार गुलाबी झाली. आन मी रोज लाल म्हनते."

मी विचारलं, "मग आत्ताच काहून बोलावलं?"

गाडीचं पासिंग आलं होतं. जुन्या गाडीची दर पाच वर्षांनी तपासणी होते, तेव्हा आरटीओत गाडीच्या पुस्तकात लिहिलेला रंग आणि गाडीचा रंग ताडून पाहतात. मागच्या खेपेला गुरुजींना ताप होता, म्हणून मुलगी वर्षा एकटीच गाडी घेऊन गेली आणि निभावलं. या वेळी गुरुजी हटून बसले होते की मी समोरच्या सीटवर बसून येणार. काकूंना झोप नव्हती. तिथं चार माणसांत कोणी बोललं की पुस्तकात लाल आहे आणि ही तर गुलाबी आहे, तर? "पाच वर्सं मी खोटं बोलली हे यायले तिथं समजनार," त्या म्हणाल्या. "यायचा आता माह्यावरच भरोसा हाय. मी म्हनीन तो दिवस, मी म्हनीन ते रात्र."

मी म्हटलं, "नवा रंग मारणारा दुसरा माणूस देतो ना." तेही त्यांनी करून पाहिलं होतं. गुरुजी म्हणाले होते, रंगाला हात लावायचा नाही, कंपनीचा पहिला रंग आहे, तोच राहू द्या. पॉलिश काय करायचं ते करा.

घरी गेलो. अंगणात पश्चिमेला तोंड करून गाडी उभी. शेड नाही, काही नाही, पंचवीस उन्हाळे तिनं तोंडावर घेतलेले. बॉनेट गुलाबीही म्हणवत नव्हतं, लहान पोरांच्या टाल्कम डब्याचा असतो तसा रंग. टप जुन्या विटेसारखा. गुरुजी खुर्चीवरून उठले, काठी टेकत आले. उंच, ताठ, इस्त्रीचा शर्ट. मी म्हटलं, "जय भीम गुरुजी." ते म्हणाले, "जय भीम पेंटरभाऊ. पाहा बरं, कसा हाय रंग?"

काकू त्यांच्या मागं उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. मी गाडीवर बोट फिरवलं, बोट पिठात बुडवल्यासारखं झालं. म्हटलं, "लाल आहे गुरुजी. जरासा सुस्त झालाय."

गुरुजींनी मान हलवली. मग म्हणाले, "सुस्त. शब्द बराबर वापरला तुमी."

मी चिंधी काढली, देवाचं आणि उस्तादांचं नाव घेतलं आणि डिकीच्या कोपऱ्यात चार फेरे मारले. चिंधी उलटली. लाल. कुंकवासारखा लख्ख लाल. मी काकूंना चिंधी दाखवली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि पदराआड धरून आत निघून गेल्या. ती चिंधी मला परत मिळाली नाही.

चार दिवसांचं काम होतं. रोज सकाळच्या यष्टीनं जायचं आणि दुपारच्यानं यायचं. पहिल्या दिवशी हिरवी जाळी बांधून सावली केली, कारण तापलेल्या पत्र्यावर हे काम करत नाहीत. गाडी धुतली, डांबराचे ठिपके रॉकेलच्या बोळ्यानं काढले, धारांवर कागदी पट्टी चिकटवली आणि सगळ्या अंगाला तेलकट पॉलिश चोपडून तसंच सोडून दिलं. रंग तहानलेला असतो, तो रात्रभर ते पितो. घाई केली तर चिंधीबरोबर चांगला रंगही निघून येतो. गुरुजी बाजूला खुर्ची टाकून बसायचे आणि मला प्रश्न विचारायचे. आता काय लावलं, कशानं घासता, किती नंबरचा कागद. मी उत्तर दिलं की ते मनातल्या मनात म्हणून घ्यायचे, पाठ केल्यासारखं. शाळा सुटली होती पण माणूस वर्गातच होता.

गाडी घेतली तेव्हाचं त्यांनी सांगितलं. विहारासमोर उभी केली, वंदना झाली, मग वस्तीतल्या प्रत्येकाला एक-एक फेरी. तीन दिवस फेऱ्याच चालू होत्या. "सगळे म्हनत, गुरुजी, निळी घ्या. आपला रंग. म्या म्हनलं, निळा तं आपल्या आतमंधी हाय, तो फिका व्हत नाई. गाडी हिच्या पसंदीची घेऊ. इनं त्या दुकानात बोट ठेवलं ते लाल गाडीवर." आतून काकूंचा आवाज आला, "मले निळीच पाह्यजे होती. ते दुकानात नवती." गुरुजी मला हळूच म्हणाले, "खोटं बोलते. दोन निळ्या उभ्या होत्या."

दुसऱ्या दिवशी मी लवकरच्या यष्टीनं गेलो आणि फाटकातच थबकलो. गुरुजी गाडी पुसत होते. डाव्या हातात कापसाचा मोठा गोळा, उजवा तळवा बॉनेटच्या कडेवर टेकलेला, आणि डावा हात गोल गोल जोरात चाललेला. मी जवळ जाऊन तो गोळा बघितला. काकूंच्या भावाच्या शेतातला घरचा कापूस, झाडावरून वेचलेला तसाच. त्यात वाळलेल्या पानाचा चुरा, बोंडाच्या टरफलाचे तुकडे, सरकी सगळं. आमच्या जिल्ह्यात ही खोड घरोघरी आहे. घरचा कापूस मऊ असतो म्हणून गाडी त्यानंच पुसतात, शिकलेली माणसंही. आणि ते टरफल रंगावर ब्लेडसारखं चालतं.

माझा स्वभाव तापट आहे. कामाच्या बाबतीत तर फारच. मी बोलून गेलो, "गुरुजी, हे काय करून राह्यले? तुम्हीच ओरबाडली की गाडी इतकी वर्षं. हे पाहा, सगळे तुमच्या हाताचे गोल उमटले हिच्यावर."

गुरुजींचा हात थांबला. त्यांनी गोळा बोटांनी चाचपला, त्यातला एक तुकडा काढून चिमटीत फिरवला. "म्हंजे म्याच?" एवढंच बोलले आणि तिथंच उभे राहिले. काकू तांब्या घेऊन आल्या. माझ्याकडे त्यांनी अशा नजरेनं पाहिलं की मला जमिनीत जावंसं वाटलं. त्यांनी गुरुजींचा हात धरला, लगबगीनं त्यावर पाणी घातलं, बोटं चोळून चोळून धुतली. पाणी गुलाबी होऊन मातीत गेलं. मला समजलं की त्या हे रोज करत असणार, भुकटीचं गुरुजींना समजू नये म्हणून. अशा घरात येऊन मी तोंड सोडलं होतं. मी गुरुजींची माफी मागितली. ते म्हणाले, "माफी कायची? चूक दाखवली तं मास्तरनं राग मानाव काय?" पण त्या दिवशी त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. कापसाची पिशवी त्यांनी काकूंना दिली आणि त्याची उशी भरायला सांगितली.

तिसऱ्या दिवशी बॉनेट धरलं. मुरलेलं पॉलिश पुसून अगदी बारीक पाण्याचा कागद, म्हणजे ओला करून घासायचा पॉलिशपेपर, हलक्या हातानं फिरवला, मग रबिंग, मग परत तेल. धारेशी पोचलो, पट्टी काढली आणि चिंधी बाजूला ठेवली. जिथं गुरुजी रोज उजवा तळवा टेकवत, तिथं रुपयाएवढं करडं अस्तर उघडं पडलं होतं. मी न घासताच, त्यांच्या तळव्यानं आधीच. माझ्या डब्यात बारीक ब्रश होता. लाल रंगही होता. काकू आत, गुरुजींना दिसत नाही. झाकलं असतं तर कोणाला समजलं नसतं. तेवढ्यात वकील साहेबांची हिरवी गाडी डोळ्यांसमोर आली.

मी गुरुजींना हाताला धरून आणलं, त्यांचं बोट त्या ठिपक्यावर ठेवलं. म्हटलं, "इथं रंग संपला गुरुजी. हा माझ्यानं परत येत नाही. म्हणाल तर वरून लावून देतो, पण तो कंपनीचा राहणार नाही."

त्यांनी बोट गोल फिरवलं. मग तळवा टेकवला, तो बरोबर तिथंच बसला. "राहू द्या," ते म्हणाले. "इथं माहा हात राह्यते. मले गाडी इथूनच सापडते." मी ब्रश परत डब्यात ठेवला. किती वर्षांनी छातीत पूर्ण श्वास गेला असं वाटलं.

दुपारी काकू चहा घेऊन आल्या तेव्हा अर्धं बॉनेट झालं होतं. मधोमध पट्टी. डावीकडे ते टाल्कम डब्यासारखं गुलाबी आणि उजवीकडे लाल. असा लाल की त्यात जाळीची हिरवी सावली आणि काकूंचं लुगडं स्वच्छ दिसत होतं. काकू तिथंच उभ्या राहिल्या. ट्रे कलला आणि कप सरकून वाजले. मी उठून ट्रे धरला.

गुरुजींनी मान वळवली. "काय झालं व?"

"काई नाई," काकू म्हणाल्या. त्यांना आवाज सापडेना. "लाल दिसते."

गुरुजींनी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "परत म्हन बरं." काकू परत म्हणाल्या. आणि आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

चौथ्या दिवशी टप आणि दारं संपवली, वरून मेण दिलं. काकू बाजारात गेल्या होत्या. मी गुरुजींना म्हटलं, "या, तपासा." ते काठी टाकून आले. बॉनेटवरचा तो ठिपका शोधला, तिथून दोन्ही हात पसरून हळूहळू काचेपर्यंत नेले, मग दारावरून, डिकीवरून, पूर्ण फेरी. मी त्यांच्या मागून चालत होतो आणि सारखे उस्ताद आठवत होते. हाथ से देख. माझ्या कामाची इतकी कसून तपासणी उस्तादांनंतर कोणी केली नव्हती. फेरी पूर्ण झाल्यावर गुरुजींनी अंगठा बोटांवर चोळला, नाकाजवळ नेला आणि म्हणाले, "खडू गेला."

मी म्हटलं, "कोणता खडू?"

"छत्तीस वर्सं खडू धरला या हातात, पेंटरभाऊ. बोटाले खडू लागला तं मले समजनार नाई काय? पाच वर्सांपासून लागून राह्यला. एक दिवस पुसताना बोटाले भुकटी आली, त्याच दिवशी समजलं का रंग उडाला."

मी विचारलं, "काकूंना सांगितलं का नाही मग?"

"सांगतलं असतं तं तिनं म्हननं बंद केलं असतं," गुरुजी म्हणाले. "सकाळी उठून मले काईच दिसत नाई. सगळं कायंकुट्ट. मंग ते येते आन म्हनते, लाल हाय. मले तेवढं लाल दिसे, तिच्या बोलन्यातलं. ते कायले बंद पाडू? हात धुऊन देते, तवा मी हात पुढं करतो. तिले वाटते मले समजत नाई. वाटू द्या."

"आणि कापूस?" मी विचारलं.

ते हसले. "रोज जोर लावून पुसो ना. वाटे, घासून घासून खडू निंगन आन तिचं बोलनं खरं व्हईन. ते तं तुमी सांगतलं तवा समजलं का मीच बिघडवून राह्यलो."

मी चिंध्या गोळा करायला लागलो. मी त्यांना म्हटलं होतं की तुम्ही ओरबाडली, त्याचं वाईट वाटत होतं. आणि आनंदही इतका होत होता की तो कुठं ठेवावा समजत नव्हतं. घासून मी फक्त भुकटी काढली होती. पण दोन माणसं पाच वर्षं जे एकमेकांसाठी जपत होती, ते माझ्या हातून खरं झालं होतं. या धंद्यानं माझं नाक घेतलं, छाती घेतली, त्याची मी आजवर पुष्कळ कुरकूर केली. कळंबच्या त्या अंगणात ती संपली. मला हे काम मिळालं, हे हात अजून चालतात, याबद्दल मी कोणाकोणाचे आभार मानू?

पासिंगला गुरुजी समोर बसून गेले. वर्षानं फोनवर सांगितलं की तपासणाऱ्या साहेबांनी पुस्तक उघडलं, मोठ्यानं वाचलं, "रंग लाल," गाडीकडे एकदा पाहिलं आणि खूण केली. गुरुजी आतून म्हणाले, "बराबर." मागच्या सीटवर काकू रडत होत्या आणि त्या साहेबांना वाटलं यांचं काही बिघडलं म्हणून ते पाणी घेऊन आले.

या अंकासाठी लिहा असं सांगणं आलं तेव्हा मी पहिला फोन गुरुजींना केला. म्हटलं, ही गोष्ट लिहू का? काकूंना समजेल सगळं. गुरुजी म्हणाले, "लिहा. पन अंक घरी धाडजा. मले तुमची काकूच वाचून दाखवते, रोज संध्याकाळी, पहिल्या पानापासून. त्या जागेवर आली का तिचा आवाज कसा व्हते, ते ऐकाचं हाय मले."

तर काकू, आवाज बसला असेल तर घोटभर पाणी प्या. चष्मा पुसा. गुरुजी ऐकून राह्यले. अंक जरा बाजूला ठेवा, अंगणाकडे पाहा आणि गाडी कशी दिसते ते त्यांना सांगा.